गिंप : एका पर्यायाची तीस वर्षं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९९५ साली स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी संगणकशास्त्र शिकत होते. कम्पायलरच्या अभ्यासक्रमासाठी लिस्प भाषेत प्रोग्रॅम लिहिता लिहिता त्यांच्या नाकी नऊ आले होते. रात्र रात्र जागूनही तो धड चालेना. शेवटी त्या प्रकल्पाचा नाद सोडून त्यांनी दुसरंच काम हाती घेतलं : चित्रं आणि छायाचित्रं यांच्यावर काम करता येईल असा प्रोग्रॅम, तोही सी भाषेत. त्यातून जन्मलेला ‘गिंप’ आज जगभरातल्या संगणकांवर फुकट मिळतो. फोटोशॉपला पर्याय कोणता, असं विचारल्यावर आजही बहुतेकांच्या तोंडी त्याचंच नाव पहिल्यांदा येतं.

फोटोशॉपचा उगमही एका विद्यार्थ्याकडेच जातो. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या टॉमस नॉलने १९८७ मध्ये मॅकच्या कृष्णधवल पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता. त्याने त्यातली ताकद ओळखली. दोघांनी मिळून तो वाढवला, अडोबीने त्याचे हक्क मिळवले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. आधी ती फक्त मॅकवर चाले, विंडोजची आवृत्ती नंतर आली. लिनक्ससाठी मात्र अडोबीने फोटोशॉप कधीच काढलं नाही. आणि बर्कलीत किम्बॉल व मॅटिस यांच्या अवतीभवती होती ती युनिक्स आणि लिनक्सचीच यंत्रं.

१९९६ च्या सुरुवातीला गिंपची ०.५४ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. ती अधूनमधून कोलमडायची आणि तिच्यात लेयरही नव्हते. तरी बाहेरच्या माणसाला स्वतःचा प्लग-इन लिहून जोडता यावा, ही सोय तिच्यात पहिल्यापासून होती. त्याच वर्षी टेक्सासमधल्या लॅरी युइंग या विद्यार्थ्याने याच आवृत्तीत एक गुबगुबीत पेंग्विन रंगवला. लिनक्सचं बोधचिन्ह म्हणून पुढे घराघरांत ओळखला गेलेला टक्स तो हाच.

एक अडचण मात्र मोठी होती. खिडक्या, बटणं, मेनू हे सगळं पडद्यावर दाखवण्यासाठी गिंप ‘मोटिफ’ नावाच्या तयार संचावर अवलंबून होता, आणि मोटिफ विकत घ्यावा लागे. गिंपचा कोड फुकट, पण ज्याच्याकडे मोटिफ नाही त्याला त्या कोडवरून प्रोग्रॅम स्वतः बांधता येत नसे. मॅटिसने मग बटणं आणि मेनूंचा स्वतःचा संच लिहायला घेतला. त्याचं नाव ‘गिंप टूलकिट’, म्हणजेच जीटीके. १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी लिनक्ससाठी ‘नोम’ हा डेस्कटॉप उभारायला घेतला तेव्हा पाया म्हणून त्यांनी जीटीकेच निवडला. एका चित्रांच्या प्रोग्रॅमची गरज भागवायला केलेला संच अशा रीतीने एका अख्ख्या डेस्कटॉपचा कणा झाला.

पदवी मिळाल्यावर किम्बॉल आणि मॅटिस नोकरीला लागले आणि गिंपमधून बाहेर पडले. कंपनी असती तर तिने नवे इंजिनिअर नेमले असते. इथे नेमणार कोण? पण कोड खुला होता. इकडून तिकडून आलेल्या स्वयंसेवकांनी तो उचलून धरला आणि जून १९९८ मध्ये १.० ही आवृत्ती पूर्ण केली. पुढच्या वर्षांत जर्मनीच्या स्वेन नॉइमान आणि मिखाएल नाटरर यांनी प्रकल्पाचा भार वाहिला. मूळ लेखक निघून गेल्यावरही काम थांबलं नाही, ही गिंपच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ती केवळ खुल्या परवान्यामुळे शक्य झाली.

काम थांबलं नाही, पण रेंगाळलं खूप. त्याचं मोठं कारण आठ बिट हे होतं.

आठ बिटांच्या चित्रात लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. साधं छायाचित्र पाहायला तेवढ्या पुरतात. पण संध्याकाळच्या आकाशाचा फोटो घेऊन त्याचा उजेड ओढूनताणून वाढवला की पायऱ्या कमी पडतात. निळ्यातून नारिंगीत अलगद उतरणाऱ्या छटेच्या जागी रुंद पट्टे दिसू लागतात. सोळा बिटांत प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि ओढाताण सहज पचते. चित्रपटवाल्यांना रंगांची ही खोली हवीच होती, म्हणून त्यांच्यासाठी ‘फिल्म गिंप’ नावाची वेगळी शाखा फुटली. ‘स्कूबी-डू’सारख्या चित्रपटांच्या कामात ती वापरलीही गेली. पण ती मूळ गिंपमध्ये परत मिसळली नाही. मुख्य प्रकल्पाने त्याऐवजी ‘गेगल’ हे नवं इंजिन पायापासून बांधायचं ठरवलं. त्या इंजिनाचं काम २०००च्या सुमारास सुरू झालं, आणि सोळा व बत्तीस बिटांची चित्रं घेऊन गिंप २.१० बाहेर पडला तो एप्रिल २०१८ मध्ये. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं, तीही बहुतेक फावल्या वेळात, एवढा मोठा बदल करत होती.

दरम्यान पर्यायांची रांग वाढत गेली. १९९९ मध्ये केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींनी स्वतःचा चित्रांचा प्रोग्रॅम सुरू केला. तोच आज चित्रकारांच्या आवडीचा ‘क्रिता’ आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २००४ साली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ‘पेंट डॉट नेट’ निघाला आणि रिक ब्रूस्टरने तो पुढे वर्षानुवर्षं सांभाळला. प्रागमध्ये राहणाऱ्या इव्हान कुत्स्कीरने जवळपास एकट्याने ‘फोटोपी’ लिहिला. तो ब्राउझरमध्ये चालतो आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल लेयरसकट उघडतो.

मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरूनच वापराव्या लागतील. तोवर पर्यायांकडे ढुंकूनही न पाहणारे अनेक व्यावसायिक तेव्हा शोधाशोध करू लागले. इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या सेरिफ कंपनीने २०१५ मध्ये ‘अफिनिटी फोटो’ काढला, एकदाच पैसे भरा आणि वापरा या बोलीवर. २०२४ मध्ये सेरिफ ‘कॅनव्हा’ या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने विकत घेतली. फोटोपी काय, अफिनिटी काय, दोन्ही कामाला उत्तम आहेत. पण त्यांचं पुढे काय होणार हे त्यांचे मालक ठरवतात. गिंप आणि क्रिता कोणालाच विकत घेता येत नाहीत, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे.

मराठी वाचकासाठी या कहाणीत आणखी एक धागा आहे, तो अक्षरांचा. महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं फोटोशॉप आणि कोरलड्रॉ यांचंच राज्य होतं. अनेक ठिकाणी परवान्याचा पत्ताच नसे. पण त्या जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी नीट उमटत नसे. ‘किल्ला’ टाइप करावं तर वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसे, आणि ‘ल्ल’ जुळण्याऐवजी पाय मोडलेला ‘ल्’ आणि दुसरा ‘ल’ सुटे उभे राहत. म्हणून ऑपरेटर श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टांत मजकूर टाइप करत. तो मजकूर इंटरनेटवर शोधता येत नसे, आणि दुसऱ्या फॉन्टात टाकला की अक्षरांची खिचडी होई.

गिंपकडे या दुखण्यावर उपाय आधीच होता. २००४ च्या २.० आवृत्तीपासून त्याची अक्षरं ‘पँगो’ नावाची खुली लायब्ररी मांडत असे. जगातल्या सगळ्या लिप्या नीट उमटाव्यात हाच पँगोचा हेतू होता. शिवाय ‘लोहित’सारखे खुले देवनागरी फॉन्ट त्याच सुमारास मिळू लागले होते. दुकानदाराने पैसे मोजलेले असोत वा नसोत, महागड्या सॉफ्टवेअरला न जमणारी वेलांटी फुकटच्या गिंपमध्ये आपल्या जागी बसत होती. तरीही फार थोड्या दुकानांनी गिंप उघडून पाहिला. हात फोटोशॉपच्या शॉर्टकटना सरावलेले होते, शिकवणी वर्गही फोटोशॉपचेच होते. शिवाय छपाईला लागणारे चार रंग, म्हणजे सीएमवायके, गिंपला नीट हाताळता येत नव्हते. प्रेसवाल्याच्या दृष्टीने ही तक्रार रास्तच होती.

पँगोमधलं अक्षरं जुळवण्याचं काम आणि क्यूटी या दुसऱ्या खुल्या संचातलं तेच काम पुढे एकत्र आलं. त्यातून ‘हार्फबझ’ हे इंजिन तयार झालं आणि बेहदाद एस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रॅमरने ते घडवलं. आज अँड्रॉइड फोनवर, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मराठी अक्षरांची जुळणी हेच इंजिन करतं. आता ते खुद्द फोटोशॉपमध्येही आहे. ज्या प्रोग्रॅमला पर्याय म्हणून गिंप जन्मला, त्याच प्रोग्रॅममध्ये गिंपच्याच कुळातला हा कोड आता अक्षरं मांडतो.

मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आला. फिल्टर लावल्यावरही मूळ चित्राला धक्का न लागणं आणि तो फिल्टर हवा तेव्हा बदलता येणं, ही फोटोशॉपवाल्यांची जुनी सवय त्यात प्रथमच आली. सीएमवायकेची पूर्वझलक आणि काही प्रकारच्या फाइली सीएमवायकेत बाहेर काढण्याची सोयही सुधारली. थेट चार रंगांत काम करण्याची सोय अजून व्हायची आहे. ती कोणी करायला घेतली तर त्याला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. कोड समोर आहे, आणि तो पुण्यात किंवा नागपुरात बसूनही उघडता येतो.