ठाकुरवाडीचा ध्वनिवर्धक

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी हें एकाच गांवाचें नांव नव्हे. डोंगरांच्या उतारांवर जेथें जेथें ठाकर समाजाची वस्ती झाली, तेथें तेथें एक ठाकुरवाडी झाली. बोरघाट चढतांना लोहमार्गावरहि याच नांवाचें एक ठाणें लागतें. या मुलखाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे किल्ल्यांचा किंवा १८६३ सालीं खुल्या झालेल्या घाटांतील लोहमार्गाचा सांगावा, अशी रीत आहे. आज मला मात्र एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. आमच्या ठाकुरवाडीच्या शाळेंत व्हॉल्व्हवर चालणारा एक जुना ध्वनिवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, आहे. कित्येक वर्षें मुका पडलेलें हें यंत्र अलीकडे दुरुस्त करण्यांत आलें. त्या वेळीं त्यांतलें काय बदलावें आणि काय राखावें, हा प्रश्न उभा राहिला. आणि त्याचें उत्तर विजेच्या शास्त्रांत जितकें सांपडलें, तितकेंच इतिहासांत सांपडलें.

ध्वनिवर्धक करतो तरी काय? आपल्या बोलण्यानें मायक्रोफोनांत जो विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो इतका क्षीण असतो कीं, त्यानें कर्ण्याचा पडदा हलूंहि शकत नाहीं. म्हणून त्या क्षीण प्रवाहाच्या हुकमतीखालीं दुसरा मोठा प्रवाह चालवावा लागतो. पाटकरी एका हातानें फळी वरखालीं करतो आणि सारा पाट त्याप्रमाणें कमीअधिक वाहतो, तसाच हा प्रकार. ही फळी म्हणजे व्हॉल्व्हमधील जाळी. अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं ती व्हॉल्व्हमध्यें बसविली, आणि तिच्यांतूनच पुढें ध्वनिवर्धनाची विद्या निघाली.

मुंबईंत ही विद्या लवकरच आली. २३ जुलै १९२७ रोजीं तेथील नभोवाणी केंद्राचें उद्घाटन झालें. १४ मार्च १९३१ रोजीं मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' हा बोलपट लागला, आणि पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. त्याच दशकांत शिकागो रेडिओ ही मोटवाणी कुटुंबाची कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांस व सभांस कर्णे पुरवूं लागली. तोंपर्यंत वक्त्याचा आवाज जेथवर पोंचे, तेथवरच सभा असे. १९३६ सालीं अमेरिकेंत '६ एल ६' या जातीचा व्हॉल्व्ह निघाला. या दोन व्हॉल्व्हांची जोडी सुमारें पंचवीस वॅटांचा आवाज देते, आणि एका मैदानास तो पुरतो. आमच्या यंत्रांत हीच जोडी आहे.

आतां या प्रगतीची दुसरी बाजू पाहा. मुंबईच्या गिरण्यांस १९१५ पासून जी वीज मिळूं लागली, ती खोपोलीची, म्हणजे खालापूर तालुक्यांतली. घाटावरच्या तलावांचें पाणी नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं सोडून ती तेथें निर्माण होई. १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजगृह सुरू झालें. वीज येथली, परंतु तिच्या तारा वाड्यांच्या डोक्यांवरून थेट मुंबईस गेल्या. कित्येक ठाकुरवाड्यांत घरोघर दिवा लागावयास स्वातंत्र्यानंतरहि अनेक दशकें जावीं लागलीं.

१९४२ च्या लढ्यांत या दोन्ही बाजू एकाच वेळीं इतिहासांत आल्या. मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्याचा आवाज १२ नोव्हेंबर रोजीं पोलिसांच्या धाडीनें बंद पडला. त्यास यंत्रसामग्री पुरविल्याच्या आरोपावरून शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी यांच्यावर खटला झाला; ते निर्दोष सुटले. त्याच महिन्यांत माथेरानचे भाई कोटवाल यांचें आझाद दस्तें इकडे कर्जतच्या रानांत मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडीत होतें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर भाई कोटवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. एकीकडे आवाज पोंचविण्यासाठीं धडपड, दुसरीकडे सत्तेची वीज तोडण्यासाठीं. आणि दोहोंचें ध्येय एकच.

जेथें वीज नाहीं तेथें ध्वनिवर्धक कसा चालावा? त्यासाठीं त्या काळच्या कारखानदारांनीं बॅटरी व घरगुती वीज या दोहोंवर चालणारीं यंत्रें काढलीं. मोटारीच्या बॅटरीचा दाब बारा व्होल्ट. व्हॉल्व्हला तर साडेतीनशें व्होल्ट हवे. ट्रान्सफॉर्मर दाब वाढवितो खरा, परंतु बॅटरीचा संथ प्रवाह त्याला चालत नाहीं. म्हणून व्हायब्रेटर नांवाची एक डबी बसवीत. तिच्यांतील पोलादी जीभ सेकंदास शंभराच्या आसपास वेळां थरथरून प्रवाहाचे तुकडे पाडी, आणि मग ट्रान्सफॉर्मर आपलें काम करी. आमचें यंत्र याच जातीचें. वाडींत लग्न, भजन किंवा शाळेचा कार्यक्रम असला, म्हणजे बॅटरी डोक्यावरून कर्जतला नेऊन भरून आणावी लागे, आणि एका रात्रींत ती उतरे.

कर्जतच्या एका वृद्ध कारागिरानें या यंत्राचा पत्रा उघडला, तेव्हां वाडीच्या पन्नास वर्षांची बखरच पुढें आली. व्हायब्रेटरची जागा रिकामी होती: वाडींत वीज आली त्याची ही खूण. प्रवाह एकमार्गी करणारा व्हॉल्व्ह काढून त्या जागीं दोन डायोड डाखलेले होते: व्हॉल्व्ह मिळेनासे झाले त्या काळाची ही खूण. फ्यूजच्या जागीं तांब्याची जाड तार पिळलेली होती: कार्यक्रम ऐन रंगांत असतां फ्यूज गेला असेल, आणि कोणीतरी वेळ निभावून नेली असेल. यांतली प्रत्येक दुरुस्ती त्या त्या रात्रीं उपयोगी पडली होती, आणि प्रत्येक दुरुस्तीनें यंत्र मरणाच्या जवळ नेलें होतें.

तें कसें, हेंहि सांगितलें पाहिजे. मूळचा व्हॉल्व्ह तापावयास कांहीं क्षण घेई, आणि स्वतःमध्यें चाळीस-पन्नास व्होल्ट खाई. डायोड कांहींच खात नाहीं व थांबतहि नाहीं. त्यामुळें ३६० व्होल्टांच्या जागीं चारशेंहून अधिक दाब, तोहि बाकीचे व्हॉल्व्ह थंड असतांनाच, कंडेन्सरांवर पडूं लागला. त्यांत आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. मेणकागदाचे कंडेन्सर ओल धरून झिरपूं लागले, आणि ज्या जाळीवर केवळ आवाज पोंचावयाचा, तिच्यावर विजेचा दाबहि पोंचला. मग व्हॉल्व्हची पत्री लाल होते आणि शेवटीं ट्रान्सफॉर्मर जळतो. जाड तारेमुळें तें थांबविणाराहि कोणी उरत नाहीं.

वाडींत यावर दोन मतें होतीं. कांहीं तरुणांचें म्हणणें असें कीं, आंतील सर्व काढून टाकावें आणि त्याच पेटींत पांचशें वॅटांचें नवें यंत्र बसवावें. दुसरें मत, पेटी विकावी. कारण जुन्या व्हॉल्व्हांस व ट्रान्सफॉर्मरांस शहरांतील शौकीन चांगली किंमत देतात. शाळेच्या छपरासाठीं पैसे हवेच होते, तेव्हां हें मत पोरकट म्हणतां येत नव्हतें. परंतु एका म्हातारीनें विचारलें, "गुरुजी, ही पेटी आम्ही मजुरीच्या पैशांतून वर्गणी काढून घेतली होती. तिचा आवाज विकून छप्पर घालायचें, तर त्याच्याखालीं बसून ऐकायचें काय?" त्यानंतर विक्रीची गोष्ट कोणी काढली नाहीं.

मग दुरुस्तीचा नियम ठरला, तो असा: जें जिवास धोकादायक तें बदलावें; जें मेलें आहे तें बदलावें; जें जिवंत आहे त्याला हात लावूं नये; आणि जें बदललें तें लिहून ठेवावें.

या नियमानें तीन पायांचा प्लग बसवून पत्र्याचा सांगाडा जमिनीशीं जोडला. जाड तार काढून एक अँपियरचा फ्यूज घातला. यंत्र बंद केल्यावरहि कंडेन्सरांत प्राणघातक दाब कांहीं काळ साठून राहतो. तो आपोआप उतरावा म्हणून त्यांना एक रेझिस्टन्स जोडला. सारे जुने कंडेन्सर बदलले. डायोड काढून व्हॉल्व्ह परत आणला. कारण त्याची बैठक आणि त्याला तापविणारें पांच व्होल्टांचें वेटोळें शाबूत होतें. '६ एल ६' ची जोडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाली. ट्रान्सफॉर्मर मात्र मूळचेच राहिले. त्यांतच या यंत्राचा खरा कंठ आहे.

पहिल्यानें वीज सोडतांना कारागिरानें वाटेंत शंभर वॅटांचा तारेचा दिवा जोडला. आंत कोठें दोष असता, तर दिवा लखलखून पेटला असता व यंत्र वांचलें असतें. दिवा क्षणभर उजळला आणि मंद झाला. नंतर दिवा काढून थेट वीज दिली, आणि दोन्ही व्हॉल्व्हांच्या सामाईक २५० ओहमच्या रेझिस्टन्सवर दाब मोजला. तो साडेबावीस व्होल्ट भरला, म्हणजे जोडींतून सुमारें नव्वद मिलिअँपियर प्रवाह वाहत होता. या जातीस इतकाच हवा.

एकच नवी सोय केली. ग्रामोफोनच्या जागेंत आतां मोबाइल फोनहि जोडतां येतो. त्यासाठीं दोन कानांचे दोन प्रवाह दोन रेझिस्टन्समधून एकत्र आणले. एरवीं ते एकमेकांशीं झुंजले असते. व्हायब्रेटरची रिकामी जागा तशीच ठेवली आहे. झांकणाच्या आंतल्या अंगास एक कागद चिकटवून त्यावर प्रत्येक बदल व त्याची तारीख लिहिली आहे.

पंचवीस वॅट कमी पडतील, अशी तरुणांस शंका होती. शाळेच्या अंगणांत ढोल वाजला, वाडींतील वृद्धांच्या मुद्रित केलेल्या गाण्यांचे शब्द शेवटच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकूं गेले, आणि शंका फिटली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आवाज वाढविणें म्हणजे सुधारणा नव्हे. बोल समजणें ही सुधारणा.

शहरांतील श्रोत्यांस शेवटीं एक विनंती आहे. आपल्याहि माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचा एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ अथवा ध्वनिवर्धक असेल. कुतूहलानें त्याची पिन एकदम भिंतींत खोंचूं नका. आणि तांब्याच्या भावानें मोडींतहि घालूं नका. जाणत्या कारागिराकडून तो उघडवा, आणि आंत कोणी, केव्हां, कोणत्या अडचणींत डाख लावला आहे, तें शेजारीं बसून पाहा. घराच्या इतिहासाचें एक पान तेथें निघण्याचा पुष्कळ संभव आहे.