टाळेबंदीतल्या बाळंतिणी

गटाच्या बैठकीत आपण मागचा हिशेब काढतो, तसा आजही काढू, पण पैशांचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्यातल्या ज्या बाळंत झाल्या, त्यांतल्या काहींना मांडीवरचं मूल चालायला लागण्याआधीच पुन्हा दिवस गेले. लोक म्हणाले, नवरे घरी होते ना! एवढंच कारण असतं तर गोष्ट सोपी होती.

जरा मागे जाऊ. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. सरकारचा कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ चा. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या आणि कितीतरी बळजबरीच्या. त्याचा धसका असा बसला की पुरुष मागे सरले ते सरलेच. ऑपरेशन बायकांच्या वाट्याला आलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. नसबंदी केलेला पुरुष शंभरात एकही भरत नव्हता.

म्हणजे आपली रीत ठरलेली: दोन मुलं झाली की ऑपरेशन, तोवर काही नाही. आणि मार्च २०२० मध्ये नेमकी ऑपरेशनंच थांबली, तांबी बसवणंही अडलं. एसटी बंद. दवाखान्यात जावं तर कोरोनाची भीती.

निरोध आणि गोळ्या घरपोच द्यायचं काम आशाताईंकडे होतं, पण त्या बिचाऱ्या ताप मोजत दारोदार फिरत होत्या. त्यात पहिलटकरीण माहेरी अडकलेली. माहेरच्या आशाताईच्या वहीत ती पाहुणी, सासरच्या वहीत ती गावात नाही. दोन्हीकडून नाव सुटलं. पुण्या-मुंबईहून माणसं परत आलेली, दोन खोल्यांत दहा जण, दीर-सासरे ओसरीवर. अशा घरात दारात आलेल्या ताईकडे निरोध मागायचा कसा? फोन करावा तर तो नवऱ्याच्या खिशात. शिवाय सासूबाईंचं म्हणणं, अंगावर पाजतेस ना, मग काही होत नाही.

सासूबाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. पण त्याला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नसावी, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध हवं, वरचं पाणीसुद्धा नाही. यातली एक जरी मोडली तरी भरवसा संपला. पाळी येण्याआधीही दिवस जातात, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवता येते. तेव्हा नाही बसवली, तर सहा आठवड्यांनंतर. मात्र हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठरवायला हवं. कळा सुरू असताना कागदावर अंगठा घेणं म्हणजे विचारणं नव्हे, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर. माला-एन मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये. छाया गोळी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली, आपल्या देशातली. ती पाजणाऱ्या आईला चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.