ज्याचा त्याचा फ्लू

आपल्याकडे कुणाला ताप-खोकला आला की घरातली मोठी माणसं म्हणतात, "काही नाही, फ्लू आहे. आल्याचा चहा घे आणि दोन दिवस पडून राहा." मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे, पण जुना इतिहास वाचायची खोड आहे. फ्लूचा इतिहास वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. फ्लूचं नाव एकच असलं, तरी यंदा त्याचं कोणतं 'व्हर्जन' आलंय, यावर ठरतं की हॉस्पिटलच्या खाटेवर आजोबा असणार की नातू!

सुरुवात इथल्याच एका गावाजवळून करू. सप्टेंबर १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. बॉस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स या लष्करी तळावर हजारो तरुण सैनिक फ्रान्सला जाण्याच्या तयारीत होते. आठवड्या-दोन आठवड्यांत तिथलं हॉस्पिटल भरून वाहू लागलं. खाटा व्हरांड्यात लागल्या. धडधाकट पोरांचे चेहरे निळे पडत आणि काही तासांत सारं संपे.

तीच साथ आपल्या मुंबईतही होती. जून १९१८ मध्ये गोदीच्या बाजूचे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, ती सुरुवात. दुसरी लाट आली सप्टेंबरमध्ये, आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं दगावली. जुनी माणसं तिला 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. त्यांत वीस ते चाळीस वयाचे, म्हणजे घर चालवणारेच, फार होते. अनेकांचा जीव फ्लूनंतर जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाने घेतला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती.

माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, लंडनला. पुढे त्याच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांवरून 'एच' आणि 'एन' हे क्रमांक पडले. १९१८ चा तो एच१एन१. १९५७ मध्ये एच२एन२ ने त्याची जागा घेतली, आणि १९६८ मध्ये हाँगकाँगहून पसरलेल्या एच३एन२ ने त्यालाही हुसकावलं. मग १९७७ मध्ये जुना एच१एन१ अचानक परतला. गंमत अशी, की आजारी पडले ते बहुतेक पंचविशीच्या आतले! कारण उघड होतं. त्याहून मोठ्यांची त्याच्याशी १९५७ च्या आधीच ओळख झाली होती.

२००९ मध्ये पुन्हा तेच दिसलं. डुकरांतून आलेला नवा एच१एन१ हा १९१८ च्या विषाणूचा दूरचा नातलग. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा आणि तोंडाला रुमाल बांधलेलं शहर आपण टीव्हीवर पाहिलं. अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, तरुण माणसं आणि गरोदर स्त्रिया होत्या. जगभरातल्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के ६५ वर्षांखालचे होते, असा अंदाज आहे. एरवी अमेरिकेत नेमकं उलट असतं. फ्लूने जाणाऱ्यांत ७० ते ९० टक्के ६५ च्या पुढचे असतात.

एच३एन२ चा जोर असलेला हिवाळा ज्येष्ठांना सर्वांत जड जातो. २०१७-१८ चा हिवाळा तसाच होता. त्यात नुसता ताप नसतो. आधीच थकलेलं हृदय, दमा, मधुमेह हे सगळे त्या निमित्ताने डोकं वर काढतात, आणि फ्लूचा पेशंट हृदयविकाराच्या वॉर्डात पोचतो.

शास्त्रज्ञ सांगतात, की लहानपणी पहिल्यांदा भेटलेला फ्लू शरीर विसरत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की १९६८ च्या आधी जन्मलेल्यांना एच५एन१ या बर्ड फ्लूपासून बरंच संरक्षण होतं, तर नंतर जन्मलेल्यांना एच७एन९ पासून. म्हणजे आपल्या आईवडिलांचं आणि आपल्या मुलांचं कवच वेगवेगळं. आणि एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाभोवती, आपण सगळे एकत्र!

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. हिवाळ्यात आईबाबा येणार असतील, तर विमानाचं तिकीट आणि विम्याबरोबर फ्लूच्या लशीचाही विचार त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आधीच करा. तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. लस म्हणजे अभेद्य चिलखत नव्हे, पण हॉस्पिटलात जायची वेळ बऱ्याचदा टळते. आणि घरातल्या ज्येष्ठांना ताप आलाच, तर दोन दिवस वाट पाहू नका. फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांतच सर्वांत चांगली लागू पडते. आल्याचा चहा जरूर द्या, पण डॉक्टरांना फोन केल्यावर!