२६ ऑक्टोबर : हिल्मा आफ क्लिंट यांचा जन्म

अमूर्त चित्रकलेचे जनक म्हणून कान्डिन्स्की, मोन्द्रियान, मालेविच ही नावे तोंडपाठ झालेल्यांना धक्का देणारी चित्रकर्ती १८६२ साली आजच्याच दिवशी स्वीडनमध्ये जन्मली. वडील नौदलात अधिकारी. स्टॉकहोमच्या कला अकादमीतून शिकून बाहेर पडलेल्या हिल्माबाई पोटापाण्यासाठी निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे काढत. त्यांचा खरा उद्योग मात्र वेगळाच होता. चार मैत्रिणींसह त्या प्रेतात्म्यांना आवाहन करण्याच्या बैठका घेत आणि तिथूनच आदेश आल्याचे सांगून १९०६ मध्ये त्यांनी ‘मंदिरासाठीची चित्रे’ रंगवायला घेतली. आदेशाचे काय ते ज्याचे त्याने ठरवावे. चित्रे समोर आहेत.

१९०७ मधली ‘दहा सर्वांत मोठी’ पाहावीत. तीन मीटरहून उंच कागद जमिनीवर अंथरून टेम्पेराने रंगवलेले. बालपण निळ्या पार्श्वभूमीवर, तारुण्य केशरी, त्यावर वळसे, पाकळ्या आणि उगाच वाटणारी अक्षरे. बाईंची उंची जेमतेम पाच फूट!

जग तयार नाही, म्हणून मृत्यूनंतर वीस वर्षे हे काम दाखवू नका, अशी त्यांची सूचना होती. १९४४ मध्ये त्या गेल्या; हजाराहून अधिक कलाकृती पुतण्याकडे आल्या. १९७० मध्ये स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएटने हा ठेवा चक्क नाकारला. पुढे २०१३ मध्ये त्याच संग्रहालयाने त्यांचे भव्य प्रदर्शन भरवले, तर २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममधील प्रदर्शनाला सहा लाखांवर प्रेक्षक लोटले.