देवदार : काष्ठस्थापत्याचा एक विस्मृत अध्याय

मंदिर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आबूचा वा राणकपूरचा संगमरवर उभा राहतो. परंतु पाषाणाइतकीच काष्ठाची परंपराही आपल्या देशात प्राचीन आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी आजही तिची साक्ष देतात. शत्रुंजयावरील आदिनाथांचे मंदिरही एके काळी काष्ठाचे होते. प्रबंधसाहित्यातील कथेनुसार, महामंत्री उदयन यांना तेथे एक उंदीर जळती वात तोंडात धरून नेताना दिसला. मंदिर अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडेल या चिंतेने त्यांनी ते पाषाणाचे करण्याचा संकल्प केला आणि बाराव्या शतकात त्यांचे पुत्र बाहड यांनी तो पूर्ण केला.

पश्चिम भारतात काष्ठकामाचा राजा साग. हिमालयात तो मान देवदाराचा. सुमारे १५०० ते ३२०० मीटर उंचीवर वाढणारा हा सूचिपर्णी वृक्ष. सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडाला 'मृदू काष्ठ' म्हणतात. पण ही विभागणी वृक्षाच्या जातीवरून आहे, लाकडाच्या कठीणपणावरून नव्हे. आपल्याकडील सावर अत्यंत हलकी आणि मऊ असूनही शास्त्रानुसार 'कठीण काष्ठा'त मोडते, तर 'मृदू' म्हणवणारा देवदार शतकानुशतके टिकतो. त्याच्या गाभ्यातील सुगंधी तेलामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्यापासून दूर राहतात.

या गुणाची साक्ष अनेक वास्तू देतात. चंबा प्रदेशातील भरमौर येथील लक्षणादेवीचे मंदिर सातव्या शतकाच्या सुमाराचे आहे. मनालीचे हिडिंबा मंदिर १५५३ मधील. श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे पावणेचारशेच्या आसपास स्तंभ आहेत. ही वास्तू तीन वेळा आगीत सापडली आणि पुन्हा उभारली गेली. हिमाचलातील 'काठकुणी' पद्धतीत दगडांचा एक थर आणि देवदाराच्या तुळयांचा एक थर असे चुन्याशिवाय रचतात आणि तुळया कोपऱ्यांत एकमेकींत गुंतवतात. भूकंपाच्या वेळी अशी भिंत थोडी हलते, परंतु सहसा एकदम कोसळत नाही.

पुढे हाच टिकाऊपणा वृक्षांच्या मुळावर आला. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग पसरू लागले. दर मैलास सुमारे दोन हजार स्लीपर लागत आणि प्रक्रियेविना टिकणारी लाकडे मोजकीच होती : साग, साल आणि देवदार. हिमालयातील उतार उघडे पडले. कापलेले ओंडके सतलज, चिनाब, यमुनेच्या प्रवाहात सोडून मैदानात आणले गेले. वनांचा हा ऱ्हास पाहूनच १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली आणि डिट्रिच ब्रँडिस पहिले महानिरीक्षक झाले. परंतु तोडीवर खरा अंकुश बसण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९७३ मध्ये चिपको आंदोलन उभे राहिले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कठोर निर्बंध घातले.

आज बाजारात 'पाइन' नावाने मिळणारे बरेचसे लाकूड परदेशातून येते. ते स्वस्त व कापण्यास सोपे असले तरी देवदाराची तेले त्यात नाहीत. म्हणून ते पूर्ण वाळलेले आणि वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया केलेले असावे. जमिनीशी व ओलाव्याशी त्याचा संपर्क टाळावा. देवदार घेतानाही गडद गाभ्याचाच भाग निवडावा. सालीलगतचा फिकट भाग लवकर किडतो.

जीर्णोद्धाराच्या प्रसंगी हा इतिहास विशेष स्मरणीय ठरतो. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिरातील सोळाव्या शतकाच्या अखेरचा सागवानी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेथे तो सुरक्षित आहे, परंतु त्याच्या घुमटाखाली आता कोणी वंदन करीत नाही. म्हणून जुन्या देरासरातील वा वाड्यातील कोरीव खांब उतरवण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावा. अनेकदा केवळ पायथा कुजलेला असतो आणि तेवढाच भाग बदलून खांब वाचवता येतो. नवा वृक्ष तोडावा लागत नाही आणि पूर्वजांची कलाही घरात राहते. उदयन मंत्र्यांनी काष्ठाचा धोका ओळखून पाषाण स्वीकारला. उरलेले काष्ठ जपणे हे आता आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.