पाचशे पौंड गवताचा भाव

मुंबईहून सुरतेकडे जाताना तलासरी लागतं. मी तिथे कितीदा तरी चहाला थांबलोय. पण याच तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ ला हजारो वारली जमले होते, हे मला गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचेपर्यंत माहीत नव्हतं. आज मात्र बोलायचंय त्यांचे पती शामराव परुळेकरांविषयी, कारण त्यांचं नाव हल्ली फारसं निघत नाही.

हा माणूस १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेला, पुढे कम्युनिस्ट झाला आणि किसान सभेच्या कामाला लागला. झरीत ठरलं ते साधं होतं: वेठ करायची नाही, मजुरीशिवाय काम नाही. डहाणूकडे तेव्हा लग्नगडी असत. लग्नापुरतं कर्ज घ्यायचं आणि नवराबायकोनं जन्मभर सावकाराकडे राबायचं. ते सुटायला लागले.

मग आला गवताचा हंगाम. मागणी काय, तर पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. आम्ही ऑफिसात कामाचे तास मोजतो, त्यावर भांडतो. इथे ‘मालक देईल ते’ असं चाललेलं काम पहिल्यांदा वजनात मोजलं गेलं. आणि वेळही नेमकी साधली होती, कारण उभं गवत मालकासाठी थांबत नाही, वाळून जातं.

मालक गप्प बसले नाहीत. तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे अशी आवई उठवली गेली, लोक लोटले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. १० ऑक्टोबर १९४५. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड. संप मात्र मोडला नाही. पुढच्या वर्षी जंगलकामाला रोजी सव्वा रुपया मागून पुन्हा संप झाला, आणि नोव्हेंबरात लाकूड व्यापाऱ्यांनी तो दर मान्य केला. तोवर परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलेलं होतं. म्हणजे नेते बाहेर, संप आत चालू!

शामराव १९५७ ला ठाण्यातून लोकसभेवर गेले. ऑगस्ट १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. गोदावरीबाईही तेव्हा कैदेतच होत्या.

तलवाड्याकडचं कुणी ऐकत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं नक्की कळवा.