हार्पवर रचलेली गाणी : प्रस्तावना

हार्प म्हटलं की बहुतेकांच्या कानात एकच गोष्ट वाजते. सिनेमातला नायक डोळे मिटतो, पडदा धूसर होतो, आणि वाद्यवृंदात मागे बसलेलं कुणीतरी सगळ्या तारांवरून सर्रकन बोटं फिरवतं. स्वरांचा तो झोत वर गेला की प्रेक्षक समजतो, स्वप्न सुरू झालं. याला ग्लिसांडो म्हणतात. विसाव्या शतकातल्या इंग्रजी लोकप्रिय संगीतात हार्पच्या वाट्याला बहुतांशी एवढंच काम आलं.

या पुस्तकाचा विषय तो हार्प नाही. गाणारी व्यक्तीच हार्प खांद्याला टेकवून बसली आहे, गाणं तिनंच लिहिलं आहे, आणि ते सुचलंही त्याच तारांवर, अशा गाण्यांचा हा अभ्यास आहे. त्यात सर्वांत जास्त पानं जोआना न्यूसम या कॅलिफोर्नियाच्या गायिकेला मिळाली आहेत. ती मिळायलाच हवी होती असं माझं मत आहे आणि त्याची कारणं पुढे येतीलच. पण आधी वाद्याकडे नीट पाहू, कारण या गाण्यांचं निम्मं रहस्य वाद्याच्या घडणीत आहे.

मराठी वाचकाला हार्प समजावताना स्वरमंडल आठवतं. किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवरचं स्वरमंडल पुष्कळांनी पाहिलेलं असतं, आणि दोन्ही वाद्यांत मोकळ्या तारा छेडायच्या असतात हेही खरंच. घडण मात्र वेगळी. स्वरमंडलाच्या तारा लाकडी पेटीवर आडव्या, तिला समांतर ताणलेल्या असतात. हार्पच्या तारा पेटीतून वर उगवतात आणि तिरक्या मानेपर्यंत जातात, त्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतात आणि दोन हात दोन बाजूंनी येतात. या घडणीचं वाद्य आपल्याकडे नव्हतं असं मात्र नाही. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा दिसते ती धनुष्याकृती हार्पच आहे. नाट्यशास्त्रातली सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची याही त्याच कुळातल्या. पुढे दांडीच्या वीणांनी त्यांची जागा घेतली. म्यानमारमध्ये ते कूळ साउंग या वाद्याच्या रूपानं टिकलं आणि मध्य प्रदेशातल्या परधानांकडे बिनबाजाच्या रूपानं अगदी थोडं उरलं.

आज रंगमंचावर दिसणारा मोठा हार्प हे युरोपीय यंत्रयुगाचं अपत्य आहे. त्याला ४७ तारा असतात. सा-रे-ग-मसारखे सातच स्वर एका सप्तकात, म्हणजे पियानोच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या. काळ्या पट्ट्या नाहीतच. वाजवणाऱ्याला जागा कळावी म्हणून सी स्वराच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या ठेवतात. काळ्या पट्ट्यांचं काम पाय करतात. खाली सात पेडलं असतात, प्रत्येक स्वराला एक, आणि प्रत्येक पेडलाला तीन खाचा: कोमल, शुद्ध, तीव्र. सेबास्तियाँ एरार या कारागिरानं १८१० मध्ये या दुहेरी यंत्रणेचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. एक पेडल दाबलं की त्या स्वराच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम चढतात. खालच्या सप्तकात एक आणि वरच्या सप्तकात दुसरा, असं चालत नाही.

आपल्या वाचकाला याचा अर्थ चटकन कळेल. सात पेडलं लावून बसणं म्हणजे जवळजवळ थाट ठरवून बसणं. त्या सात स्वरांत मनसोक्त फिरा. बाहेरचा स्वर हवा असेल तर पायाला आधीच सांगून ठेवावं लागतं. गिटारवाला सहज एखादा परका कॉर्ड घेऊन टाकतो. हार्पवाल्याला तो विचार करून घ्यावा लागतो. शिवाय छेडलेली तार आपली वाजतच राहते. तळव्यानं दाबून ती थांबवली नाही तर मागच्या कॉर्डचे स्वर पुढच्यात मिसळून गढूळ होतात. करंगळी आखूड म्हणून वापरात नाही, तेव्हा दोन्ही हातांची मिळून बोटं आठच. या सगळ्या अडचणींतून हार्पवर रचलेल्या गाण्याचा एक स्वभाव तयार होतो: एका स्वरसमूहात बराच वेळ मुक्काम, बोटांत फिरत राहणारी नक्षी, आणि बदल आलाच तर तो ठरवून आलेला. हे मी सर्वसाधारणपणे सांगतो आहे. चांगला कलावंत यातली प्रत्येक अडचण कुठे ना कुठे मोडतोच.

मग हे वाद्य लोकप्रिय गाण्यात आलं केव्हा? प्रश्नच थोडा चुकीचा आहे. पुष्कळ ठिकाणी ते तिथून कधी गेलेलंच नव्हतं. मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतातल्या सोन हारोचो संगीतात हार्प चालही वाजवतो आणि खालचे स्वरही सांभाळतो. जगभर गाजलेलं ‘ला बाम्बा’ मुळात याच परंपरेतलं. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या मैदानी प्रदेशात गुराख्यांची गाणी हार्पवर चालतात. पश्चिम आफ्रिकेत कोरा हे २१ तारांचं वाद्य घेऊन जेली घराण्यातले गायक राजघराण्यांच्या वंशावळी गात आले. आयर्लंडमध्ये टरला ओ’कॅरोलन हा अंध हार्पवादक घोड्यावरून गावोगाव फिरे आणि आश्रयदात्यांच्या नावानं गाणी रचत असे. १७३८ मध्ये तो वारला. ती परंपरा विझत आली तेव्हा, १७९२ मध्ये, बेलफास्टला उरलेल्या हार्पवादकांना एकत्र बोलावलं गेलं आणि एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या पोरानं त्यांचं वादन लिहून घेतलं. ते झालं नसतं तर आज आपल्याकडे फार थोडं उरलं असतं.

म्हणजे हार्प पॉपपासून दुरावला तो युरोपातल्या दिवाणखान्यात आणि ऑर्केस्ट्रात शिरल्यावर. तिथे तो सुंदर, महाग आणि बायकांचा ठरला. यातली गंमत, गंमत कसली, विटंबनाच, अशी की बायकांच्या म्हणवल्या गेलेल्या या वाद्यालाही मान मिळाला नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं एका स्त्रीला अधिकृत सदस्यत्व दिलं ते १९९७ मध्ये. ती आना लेल्केस, हार्पवादक. त्याआधी वीसहून अधिक वर्षं ती त्याच ऑर्केस्ट्रात वाजवत होती.

रेकॉर्डिंग स्टुडिओतही हेच. १७ मार्च १९६७ रोजी लंडनमध्ये बीटल्सच्या ‘शी’ज लीव्हिंग होम’साठी शीला ब्रॉमबर्ग हार्प वाजवायला गेली. त्या गाण्यात चौघा बीटल्सपैकी कुणीही एकही वाद्य वाजवलेलं नाही. तंतुवाद्यांचा छोटा ताफा आहे आणि सुरुवात ब्रॉमबर्गच्या हार्पनं होते. गाणं अजरामर झालं, वादक अनामिक राहिली. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे ज्याला ‘जनसंगीत’ म्हणत, त्यात हार्पचं नातं बराच काळ असं रोजंदारीचं होतं.

ते बदलण्याचं मोठं श्रेय दोन कृष्णवर्णीय स्त्रियांना जातं आणि दोघींचं गाव एकच, डेट्रॉइट. डोरोथी ॲशबीनं हार्पला जॅझमध्ये आणलं, तेही पाहुणा म्हणून नव्हे. पियानो किंवा गिटार जे काम करते ते सगळं तिनं हार्पकडून करून घेतलं. तिचा ‘आफ्रो-हार्पिंग’ हा १९६८ चा संग्रह आजही हिप-हॉपवाल्यांच्या उपयोगी पडतो. स्टीव्ही वंडरच्या १९७६ च्या ‘इफ इट्स मॅजिक’मध्ये ड्रम नाहीत, बास नाही. स्टीव्हीचा आवाज, त्याचा हार्मोनिका आणि ॲशबीचा हार्प, बस्स. पॉपमध्ये हार्पवर अख्ख्या गाण्याचा भार टाकता येतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरी ॲलिस कोल्ट्रेन. तिचा नवरा, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यानं मागवलेला हार्प त्याच्या मृत्यूनंतर घरी पोचला आणि तिनं तो वाजवायला घेतला. १९७१ च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’मध्ये तिच्या हार्पखाली तंबोरा सतत चालू आहे. शीर्षकातले सच्चिदानंद म्हणजे तिचे गुरू, स्वामी सच्चिदानंद. पुढे तिनं कॅलिफोर्नियात आश्रम काढला, भजनं ध्वनिमुद्रित केली. आपल्या श्रोत्यानं या क्षेत्रात तिच्या दारानं शिरावं असं मी नेहमी सुचवतो. तंबोऱ्यामुळे कान लगेच बसतो.

त्याच १९७१ च्या सुमारास फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या आलाँ स्तिव्हेलनं, वडिलांनी घडवलेल्या केल्टिक हार्पच्या बळावर, ‘केल्टिक हार्पचं पुनरुज्जीवन’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह काढला. त्यातली पहिलीच रचना ‘ईस’ या समुद्रात बुडालेल्या दंतकथेतल्या नगरीवर आहे. पस्तीस वर्षांनी जोआना न्यूसमच्या सर्वांत महत्त्वाच्या संग्रहाचं नावही ‘ईस’च.

न्यूसम १९८२ ची, उत्तर कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी या छोट्या गावात वाढलेली. हार्प लहानपणीच हातात आला, आधी छोटा, मग पेडलांचा. महत्त्वाचं हे की तिच्या तालमीत पाश्चात्त्य अभिजात धड्यांबरोबर कोऱ्याच्या वळणाचे ताल होते. एक हात तीनच्या गतीत, दुसरा चारच्या. हे हातांत इतकं मुरलं की तिच्या गाण्यात हार्प हेच तालवाद्य झालं. २००४ चा पहिला संग्रह ‘द मिल्क-आइड मेंडर’ निघाला तेव्हा समीक्षकांनी चर्चा केली ती तिच्या चिरक्या, पोरसवदा वाटणाऱ्या आवाजाची. परी, जादू, जंगल असली विशेषणं मुबलक वापरली गेली. हातांबद्दल लिहिणारे थोडे.

२००६ चा ‘ईस’ ऐकताना मात्र हातांकडे दुर्लक्ष करणं अवघड आहे. पाच गाणी, पंचावन्न मिनिटांच्या आसपास. ‘ओन्ली स्किन’ एकटंच सतरा मिनिटांना टेकतं. तो कसा तयार झाला हे पाहण्यासारखं आहे. स्टीव्ह अल्बिनीनं आधी फक्त आवाज आणि हार्प ध्वनिमुद्रित केला. अल्बिनी हा रॉकमधला माणूस, निर्व्हाना या बँडचा ‘इन यूटेरो’ त्यानं मुद्रित केला होता. समोर जे वाजतंय ते रंगरंगोटी न करता टिपायचं, ही त्याची ख्याती. त्या पक्क्या मुद्रणाभोवती मग व्हॅन डाइक पार्क्सनं ऑर्केस्ट्रा लिहिला. म्हणजे नेहमीचा क्रम उलटा. एरवी ऑर्केस्ट्रा गाणं उचलून धरतो आणि हार्प त्यावर नक्षी काढतो. इथे हार्पनं गाणं धरलं आहे आणि तीसेक वादकांचा ऑर्केस्ट्रा नक्षी काढतो आहे. एका गाण्यात, ‘सॉडस्ट अँड डायमंड्स’मध्ये, तोही नाही. दहा मिनिटं फक्त ती आणि तारा.

हे गाणं मी विद्यार्थ्यांबरोबर पुन्हापुन्हा ऐकलं आहे. बोटांचं चक्र सुरू होतं आणि थांबत नाही. आवाज त्या चक्राला बांधलेला नाही. ओळ कधी ठेक्याच्या आधी संपते, कधी सांडून पुढच्या आवर्तनात जाते. जात्यावरच्या ओवीत हे आपण ऐकलेलं आहे: हात आपल्या गतीनं फिरत असतात, ओवी आपल्या श्वासानं. म्हणून इतकी लांब, यमकांनी गच्च भरलेली कविता त्या चालीत मावते. कडवं-ध्रुपद-कडवं हा पॉपचा साचा इथे नाही, आणि हार्प नसता तर तो टाळून दहा मिनिटं काढता आली असती असं मला वाटत नाही. काहींना न्यूसम लांबण लावते असं वाटतं. २०१० चा तीन तबकड्यांचा ‘हॅव वन ऑन मी’ ऐकताना मलाही दोन-तीन ठिकाणी तसं वाटलं. ‘ईस’बद्दल तो आक्षेप मला मान्य नाही.

न्यूसमनंतर वाट रुंदावली, पण ती तिच्यामागून गेलेली नाही. फ्लोरेन्स अँड द मशीनमध्ये टॉम मंगर बँडचा भाग म्हणून हार्प वाजवतो. मेरी लॅटिमोर शब्दांशिवाय, लूपच्या यंत्रातून स्वतःच्याच हार्पवर थर चढवते. ब्रँडी यंगर ॲशबी आणि कोल्ट्रेनचं ऋण उघडपणे सांगते. मोठ्या हार्पला मोटारीएवढी किंमत पडते आणि वजन चाळीस किलोच्या घरात, तेव्हा गिटारसारखा तो घरोघरी जाणार नाही. लहान, खटके असलेला हार्प जाईल, जातोही आहे.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याला एक विनंती. हार्पवर लिहिताना ‘स्वर्गीय’ हे विशेषण निदान पहिली काही वर्षं वर्ज्य करावं. त्या शब्दानं कान बंद होतात. त्याऐवजी डावा हात काय करतोय ते लिहा, पेडल कुठे बदललं ते लिहा, तार कुठे मुद्दाम दाबली ते लिहा. आणि पुढचं प्रकरण उघडण्याआधी ‘इफ इट्स मॅजिक’ आणि ‘सॉडस्ट अँड डायमंड्स’ ही दोन गाणी, हेडफोन लावून, याच क्रमानं ऐका. पहिल्या तिन्ही प्रकरणांतलं विवेचन ती ऐकलेली आहेत असं धरूनच केलेलं आहे.